हाताला पेलेल असा पेचकस

शेषराव इंगळ्यांना मुरलीपुऱ्यातल्या त्या गल्लीत सगळे इंगळेजी म्हणत. माणूस मूळचा मूर्तिजापूरचा. रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर म्हणून लागले, बदली होऊन जयपूरला आले, आणि डब्यांमधले पंखे-दिवे दुरुस्त करता करता इथूनच निवृत्त झाले. गावाकडे परत जावं असं काही उरलं नव्हतं. मुलगी रूपाली इथेच लग्न होऊन मानसरोवरला राहत होती, शाळेत शिकवत होती. मग नवराबायकोनं सीकर रोडच्या आत दोन खोल्यांचं घर घेतलं आणि पुढच्या खोलीत शेषरावांनी बाकडं टाकलं. पंखे, मिक्सर, कूलर, इस्त्र्या. उन्हाळ्यात त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

त्यांच्या कामाची एक ख्याती होती. त्यांनी आवळलेला स्क्रू ढिला पडत नसे. धावत्या गाडीत रात्रंदिवस हादरे खाणाऱ्या पंख्यांवर हात बसलेला माणूस. कुठे किती पीळ द्यायचा, हे त्यांच्या मनगटाला आपोआप कळायचं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि बरंही वाटायचं.

होळी होऊन आठवडा झाला असेल. समोरच्या घरातल्या मितालीचा कूलर बाकड्यावर होता. पंप बदलून झाला होता, तारा जोडायच्या राहिल्या होत्या. शेषरावांनी पेचकस स्क्रूच्या खाचेत धरला आणि फिरवला. हात फिरला, पण पेचकस बोटांतच घसरला. त्यांनी तळहात पुसला, पुन्हा धरला. पुन्हा तेच. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटत होते, पण त्यांच्यात जोरच नव्हता.

"काय झालं जी?" आतून त्यांच्या बायकोनं, कलावतीबाईंनी, विचारलं. पेचकस फरशीवर पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता.

"काई नाई. घामानं सटकला."

त्या दिवशी त्यांनी तारा डाव्या हातानं आवळल्या. चार दिवसांनी मिताली आली. तिनं भांडण केलं नाही. उलट फार अदबीनं म्हणाली, "अंकलजी, कूलरमधून जळल्याचा वास येतोय. एकदा बघता का?" शेषरावांनी तिच्या घरी जाऊन झाकण उघडलं. तार ढिली होऊन ठिणग्या उडाल्या होत्या आणि प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं. घरात तिचं दोन वर्षांचं मूल दुडदुडत होतं. ते मूल शेषरावांना पूर्ण वेळ दिसत राहिलं.

एप्रिल लागला. रेल्वे कॉलनीतली मराठी बौद्ध कुटुंबं चौदा तारखेला जयंती करत, आणि तिथली रोषणाई इतकी वर्षं शेषरावांकडे होती. शिडीवर चढायचं, होल्डर बसवायचे, माळा ओढायच्या. त्या वर्षी ते गेले, दोन होल्डर बसवले आणि खाली उतरून म्हणाले, "गुडघा दुखतो. बाकी तुम्ही लावा." गुडघा दुखत नव्हता. कलावतीबाईंना ते माहीत होतं.

त्यानंतर शेषरावांच्या डोक्यात बॅटरीवरचा पेचकस शिरला.

डब्यांच्या कारखान्यात तरुण पोरं तसली यंत्रं वापरायची, तेव्हा ते हसायचे. यंत्राला काय कळतंय, स्क्रू कुठे बसला आणि कुठे रडला? पण आता त्यांनी मनाशी हिशेब मांडला, की आपलं डोकं शाबूत आहे, डोळे शाबूत आहेत, फक्त मनगटातला पीळ गेलाय. तेवढा पीळ विकत मिळत असेल, तर घ्यायला काय हरकत आहे?

विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात द्वारकाजींचं हत्यारांचं दुकान होतं. जुनी ओळख. द्वारकाजींनी काउंटरवर तीन यंत्रं मांडली आणि एक लाकडी ठोकळा ठेवला, स्क्रू मारून बघायला.

"इंगळेजी, घर के लिए या काम के लिए?"

"दोनों."

"मग हे घ्या," म्हणत त्यांनी बारा व्होल्टचं पुढं केलं. पिस्तुलासारखी मूठ, पुढे आकड्यांची कडी. कडी फिरवून आकडा ठरवला, की तेवढा जोर आला की यंत्र कट कट करून थांबतं, स्क्रूचं डोकं खराब होत नाही. शेषरावांना ती कडी फार आवडली. ज्यानं कुणी ती केली, त्याला काम कळत होतं. त्यांनी यंत्र उचललं. किलोभर वजन असेल. ठोकळ्यापर्यंत नेता नेता त्यांचं मनगट खाली वाकलं आणि टोक काउंटरच्या काचेवर टेकलं.

द्वारकाजी दुसरीकडे बघायला लागले. कुणाशी तरी उगाच मोठ्यानं बोलले.

दुसरं साडेतीन-चार व्होल्टचं, छोटं. मोबाइलच्या चार्जरवर चालणारं. हलकं होतं, पण शेषरावांनी त्यावर लांब स्क्रू लावून पाहिला, तर शेवटच्या दोन आट्यांना ते गुरगुरलं आणि बंद पडलं. "खेळणं आहे हे," ते म्हणाले. तिसरं मधलं, पण त्याची मूठ जाड होती. अर्धा तास त्यांनी प्रत्येक उलटंपालटं करून पाहिलं. बटण कुठे आहे, बॅटरी काढता येते का, टोकाला लोहचुंबक आहे का. शेवटी कागदावर तिन्हींची वजनं लिहून घेतली आणि म्हणाले, "बघतो. विचार करून येतो."

घरी येताना ई-रिक्षात त्यांनी बारा व्होल्टचंच घ्यायचं ठरवलं. हात महिन्याभरात सुधारेल, उगाच आज हलकं घेऊन उद्या पस्तावायला नको.

मे महिन्यात रूपाली आली, तेव्हा ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते. तिनं त्यांचा उजवा हात उघडून पाहिला. अंगठा आणि बोटाच्या मधलं मांस आत बसलं होतं, खळगा पडल्यासारखं.

"बाबा, हे कधीपासून आहे? मतलब... तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"वय झालं, बेटा."

"वयाने असं नाही होत. आपण डॉक्टरला दाखवूया. प्लीज."

डॉक्टरांनी सुया टोचून नसा तपासल्या, मानेचा फोटो काढायला लावला, रक्त तपासलं. तीन आठवडे त्यात गेले. मग एका दुपारी त्यांनी शेषरावांना समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत होत्या. आधी हा हात, मग दुसरा, पाय, पुढे बोलणं, गिळणं. औषधानं थोडा वेग कमी होईल. गेलेलं परत येणार नाही.

रूपाली रडायला लागली. शेषरावांनी एकच विचारलं.

"डॉक्टरसाहेब, हे बोट किती दिवस दाबता येईल?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. शेषरावांनी हवेत पिस्तुलाचा घोडा ओढून दाखवला. बोट अर्ध्यावर थांबलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते द्वारकाजींकडे गेले. बाहेर आंधी सुटली होती, धुळीनं सगळा रस्ता पिवळा झाला होता. कलावतीबाई सोबत होत्या. एकट्यांना आता त्या जाऊ देत नसत. त्यांना पाहताच द्वारकाजींनी बारा व्होल्टचं काढून पुढं ठेवलं. शेषरावांनी मान हलवली.

"ते नको. सगळ्यात हलकं दाखवा."

त्या दिवशी त्यांनी जोर विचारला नाही, बॅटरी विचारली नाही, कडीवरचे आकडे पाहिले नाहीत. एकेक यंत्र हातात घ्यायचं आणि बटण दाबायचं. पहिल्याचं बटण दबलं नाही. दुसऱ्याचं दबलं, पण धरून ठेवता येईना, यंत्र घरघर करून थांबायचं. तिसऱ्याला त्यांनी मधलं बोट लावून पाहिलं. पदर तोंडाशी धरून कलावतीबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आता हे उठतील. ते उठले नाहीत.

मग द्वारकाजी स्वतः वर माळ्यावर चढले आणि धुळीनं भरलेला एक डबा घेऊन आले. त्यातलं यंत्र सरळ होतं, जाड टॉर्चसारखं. त्याला दाबायचं बटणच नव्हतं. टोक स्क्रूवर टेकवून अंगाचा भार दिला, की ते आपोआप फिरायचं. उलटसुलट करायला तेवढी बाजूला एक सरकती कळ होती. शेषरावांनी ते मुठीत धरलं, ठोकळ्यावर टेकवलं, खांद्यातून भार दिला. स्क्रू सरसर आत गेला.

"यही दे दो," ते म्हणाले.

घरी आल्यावर कलावतीबाईंचा धीर सुटला.

"कायले आणलं हे? डॉक्टर काय म्हणाला, आयकलं ना तुमी? हात चालत नाई अन् मशिनी आणता! कोनासाठी आणता?"

"माह्यासाठी."

"किती दिवस?"

हे तोंडातून निघालं आणि त्या स्वतःच दचकल्या. शेषराव चिडले नाहीत. डबा उघडून त्यांनी यंत्र चार्जिंगला लावलं, लाल दिवा लागला का ते पाहिलं, आणि मग म्हणाले, "जितके दिवस चालन तितके."

चाललं ते तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत त्यांनी पाच पंखे उघडले आणि बसवले, मितालीच्या कूलरला नवी जोडणी करून दिली, आणि तिचे पैसे घ्यायला नकार दिला. सकाळी आठला ते बाकड्यावर बसत. भार देताना खांदा थरथरायचा, पण स्क्रू बसायचा. एकदा कलावतीबाईंनी त्यांना गुणगुणताना ऐकलं आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. ते गुणगुणणं त्यांना सहन होईना.

चौथ्या आठवड्यात अंगठ्यानं ती सरकती कळ सरकेना. स्क्रू काढायचा असला की ते हाक मारायचे, "कला, उलटं कर." त्या पोळी तव्यावर टाकून यायच्या, कळ सरकवायच्या. बसवायचा असला की पुन्हा हाक. दिवसाला वीस-वीस हाका. मग हाका कमी झाल्या, कारण कामच कमी झालं.

पाय अडखळायला लागले होते. रूपालीनं संडासात भिंतीला धरायला स्टीलचा दांडा आणला. एका मिस्त्रीनं येऊन भोकं पाडली, प्लगही ठोकले. तो दांडा धरून पुढचे स्क्रू मारणार, तोच शेषराव म्हणाले, "ते राहू द्या. मी लावतो."

"बाबा, तो दोन मिनटात करून देईल," रूपाली म्हणाली.

"माह्या घरातलं काम हाय."

मिस्त्री गेला. रूपालीनं दांडा भिंतीशी धरला. शेषराव स्टुलावर बसले, यंत्र दोन्ही मुठींत धरलं आणि छातीचा भार दिला. पहिला स्क्रू गेला. दुसरा गेला. दोन्ही वेळा यंत्र शेवटी गुरगुरून थांबलं, स्क्रूचं डोकं जरासं बाहेर राहिलं. तिसरा निम्म्यात अडकला. त्यांनी पुन्हा भार दिला, यंत्र स्क्रूवरून सटकलं आणि त्यांचं कपाळ टाइल्सवर आपटलं.

लागलं फार नाही. पण ते तसेच कपाळ भिंतीला टेकवून बसून राहिले.

"मले माहीत होतं," थोड्या वेळानं ते म्हणाले. जीभ जरा जड यायला लागली होती. "लांब स्क्रू असल्या हलक्यानं जात नाई. पह्यल्याच दिवशी पाह्यलं होतं. बारा व्होल्टचं पाह्यजे होतं."

"मग ते घेऊ ना बाबा. मी आणते."

"ते उचलत नाई बेटा." आणि मग, जणू एखादा हिशेब तिला नीट समजावून सांगत असल्यासारखं, "ज्याच्यात जोर हाय ते उचलत नाई. जे उचलते, त्याच्यात जोर नाई."

कलावतीबाईंनी बाकड्यावरून साधा, लांब दांड्याचा पेचकस आणला. त्यांनी आयुष्यात कधी स्क्रू फिरवला नव्हता. शेषराव भिंतीकडेच बघत सांगत राहिले, "सरळ धर. दाब आधी, मग फिरव. आता अर्धा. बस." चारही स्क्रू बसले. दांडा हलला नाही. कलावतीबाईंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. शेषरावांनी त्याला हात लावून पाहिला नाही. त्या दिवसापासून मात्र त्यांना तो धरूनच उठावं लागत होतं.

बाकड्यावर त्यानंतर ते बसले नाहीत. तरी लोक येत. दाराशी मिक्सर घेऊन कुणी उभं राही, कलावतीबाई बाहेर जाऊन हलक्या आवाजात सांगत, "वो अब काम नहीं करते, भैया." आतल्या खोलीत पलंगावर शेषरावांना प्रत्येक वेळी ते ऐकू येई. सुरुवातीला ते कूस बदलत. पुढे कूस बदलणंही त्यांच्या हातात राहिलं नाही.

दिवाळीच्या सुटीत रूपाली आली, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं. शब्द तुटक यायचे, दोनदा विचारावं लागायचं.

"पाटी... काढा."

घरावर दाराशेजारी 'इंगळे इलेक्ट्रिक वर्क्स' अशी पत्र्याची पाटी होती. लोक ती वाचून येत होते. रूपाली म्हणाली, "राहू दे ना बाबा, पाटीने काय होतं?" त्यांनी डोळे मिटून घेतले. कलावतीबाई म्हणाल्या, "काढ. रोज बाहेर जाऊन मले सांगता येत नाई आता."

शेषरावांची खुर्ची दाराशी आणली. त्यांनी नजरेनं त्या सरळ यंत्राकडे खूण केली. कलावतीबाईंनी ते आणलं, कळ उलटी केली, टोक स्क्रूवर टेकवून भार दिला. एकामागोमाग चारही स्क्रू निघून त्यांच्या दुसऱ्या हातात पडले. अर्धं मिनिटही लागलं नाही. रूपालीनं पाटी उतरवली. मागे भिंतीचा जुना रंग चौकोनी उघडा पडला होता.

शेषराव काहीतरी म्हणाले. कलावतीबाईंनी कान जवळ नेला.

"चांगलं चालते," ते म्हणत होते. "मशीन चांगली हाय."

कलावतीबाईंनी मान डोलावली. ते चार स्क्रू कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना. मिताली समोरच्या दारात मुलाला कडेवर घेऊन उभी होती. ती आत गेली. ऊन उतरलं तशी रूपालीनं खुर्ची आत ओढली. औषधाची वेळ झाली होती. कलावतीबाई वाटीत पाणी आणि चमचा घेऊन बसल्या. एक चमचा, मग घोट खाली जाईपर्यंत थांबायचं, मग दुसरा.