पानाची मागची बाजू

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, कात्रणांची खोली होती. तिथे अडतीस वर्षं एकच बाई बसत होत्या. सगळे त्यांना कात्रीबाई म्हणायचे, अगदी तोंडावर म्हणायचे, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मी दुसऱ्या मजल्यावरचा उपसंपादक. राग माझ्या नाकावर असतो, हे मी कुणी सांगण्याआधीच कबूल करतो. मालकांशीसुद्धा माझे खटके उडाले आहेत. पण बाईंपुढे माझा आवाज कधी चढला नाही.

बाईंचं काम ऐकायला सोपं होतं. रोजचा अंक घ्यायचा, ठेवण्याजोग्या बातम्या कापायच्या, कडेला तारीख आणि पान लिहायचं आणि विषयाच्या पाकिटात सरकवायचं. पाकिटं लाकडी खणांत, खण भिंतीभर. कुणी खालून फोन करून विचारायचं, नदीवरचा जुना पूल वाहतुकीला कधी बंद केला होता? बाई खणाकडे न बघता वर्ष सांगायच्या, महिना सांगायच्या, आणि त्या दिवशी पहिल्या पानावर दुसरी मोठी बातमी कोणती होती तेही सांगायच्या. मी एकदा त्यांना पकडायचं म्हणून मुद्दाम आडवातिडवा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं आणि वर म्हणाल्या, हे तुम्हाला कामासाठी हवंय की माझी परीक्षा चाललीय? तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

त्यांचा एक नियम होता. कात्री उघडण्याआधी पान उलटायचं. मागे काय आहे ते बघायचं, आणि मागेही काही ठेवण्याजोगं असेल तर दुसरी प्रत मागवायची. घाईत असलो तरी त्या आम्हाला थांबवून ठेवायच्या. मी वैतागून एकदा म्हटलं की बाई, पुढची बातमी हवी आहे, मागची जाहिरात नको. त्यांनी पान उलटलं, बघितलं, मगच कापलं.

या नियमामागची गोष्ट मला कळायला सोळा वर्षं लागली, आणि तीही यंत्रामुळे कळली.

झालं असं की मालकांनी सगळे जुने अंक संगणकात घ्यायचं ठरवलं. त्यात नवल नव्हतं. आमचा अंक हातात धरून वाचणारे कमी होत होते, जो तो फोनवर वाचत होता. पूर्वी माणूस पान उघडायचा आणि नजरेला पडेल ते वाचायचा. लग्नाच्या जाहिरातींत जावई शोधता शोधता मंगळावर पाणी सापडल्याचंही वाचायचा. आता एकेक सुटी बातमी येते, बोटाने वर सरकते आणि जाते. लोक बाईंना फोनवर बातम्यांचे तुकडे पाठवायचे, हे खरं आहे का म्हणून. बाईंचा ठरलेला प्रश्न असायचा, याचं पान कुठाय? मला म्हणायच्या, आता सगळं जगच माझ्या खोलीत येऊन बसलंय, जिकडे बघावं तिकडे कात्रणं. फक्त मागची बाजू कुणाकडेच नाही.

संगणकात अंक चढवायला एक माणूस आला. टक्कल पडलेला, मितभाषी, हातात पांढरे सुती मोजे. बाईंच्याच खोलीत त्याचं यंत्र मांडलं. मला बाईंचा अपमान झाल्यासारखं वाटलं. निवृत्तीला आठ महिने राहिलेत आणि त्यांच्याच छाताडावर हे धूड आणून ठेवलं, म्हणून मी तणतणत वर गेलो. बघतो तर बाई खुर्ची ओढून त्या माणसाच्या शेजारी बसलेल्या, मांडीवर हात, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलीसारख्या.

त्यांनी त्याला एक शब्द विचारायला सांगितला. धरण. काही वर्षांचे अंक त्याने आधीच चढवून आणले होते, त्यांत त्याने शब्द टाकला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चारशे बारा बातम्या समोर. बाईंनी दुसरा शब्द दिला, तिसरा दिला. मग त्यांनी स्वतःच्या उत्तरांशी ताडून पाहिलं. त्या वर्षांतल्या धरणाच्या तीनशे नव्वद बातम्या त्यांच्या पाकिटात होत्या. बावीस त्यांच्याही हातून निसटल्या होत्या. मला वाटलं, आता बाई खट्टू होणार. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि पुटपुटल्या, "किती सुंदर आहे हो हे."

मग त्यांनी त्या माणसाला हळूच विचारलं की एका विशिष्ट वर्षाचे अंक आहेत का. त्याने यादी पाहिली आणि मान हलवली. ते वर्ष गहाळ होतं. आमच्या तळघरातला त्या वर्षाचा बांधीव संच नळ फुटून भिजला होता आणि त्याचा लगदा झाला होता. इतर गावांच्या वाचनालयांना पत्रं गेली आहेत, कुठे मिळाला तर बघू, असं तो म्हणाला.

बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या. मी विचारलं, त्या वर्षात काय आहे? त्यांनी सगळ्यात खालचा खण ओढला, एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात एक पिवळं पडलेलं कात्रण ठेवलं. पाणीपट्टी वाढल्याची बातमी. मी म्हटलं, बरं मग? त्या म्हणाल्या, उलटं करा.

मागे एका छायाचित्राचा तुकडा होता. शिवणवर्गाची पहिली तुकडी, बायका दोन रांगांत उभ्या. मागच्या रांगेत डावीकडून चौथीपाशी कात्री गेली होती. तिचा एक कान राहिला होता, खांद्यावरून पुढे आलेली वेणी राहिली होती. चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी कागदाची कड होती.

"ही माझी आई," बाई म्हणाल्या. "आणि हे मी कापलंय."

त्यांनी सांगितलं ते असं. आई गेली तेव्हा त्या तीन वर्षांच्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत संपलं. घरात आईचा एकही फोटो नव्हता. मावशीने वाढवलं. विसाव्या वर्षी इथे नोकरीला लागल्या, तेव्हा मागच्या वीस वर्षांच्या सुट्या अंकांचे गठ्ठे पडून होते. पहिल्या वर्षभर तेच कापायचं काम. हात बसला, वेग आला, वेगाची थोडी ऐटही आली. कापलं की उरलेलं पान रद्दीत. चार वर्षांनी एकदा मावशी बोलता बोलता म्हणाली, तुझ्या आईचा फोटो पेपरात आला होता हो एकदा, शिवणवर्गाचा. बाई दुसऱ्या दिवशी धावतच कचेरीत आल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं त्यांना वाटलं. पण शिवणवर्गाचं पाकीटच नव्हतं. तळघरातला संच आधीच भिजून गेलेला. मग त्यांना आठवलं की त्या वर्षाचे सुटे अंक आपणच कापलेत. अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या एकेक कात्रण उलटत बसल्या. बाराव्या दिवशी कान सापडला, आणि खाली छापलेल्या नावांत चौथं नाव आईचं.

मी ते कात्रण धरून उभा राहिलो. पान उलटण्यावरून मी या बाईंवर किती वेळा वैतागलो होतो ते आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

बाई म्हणाल्या की लहानपणी त्यांना आईचा राग यायचा. न सांगता निघून गेली म्हणून. दुसऱ्या मुलींच्या आया वेण्या घालायच्या, ओरडायच्या. त्यांना रागवायला समोर चेहराही नव्हता. चौतीस वर्षं मी तो चेहरा मनात बनवतेय, म्हणाल्या. चांगली मोठी, भारदस्त बाई बनवलीय. तिला जाब विचारायचाय.

पुढचे पाच महिने माझाही जीव टांगणीला लागला. मी रोज काहीतरी निमित्त काढून वर जायचो. यंत्राचा उजेड पानावरून सरकायचा, की पान पडद्यावर. एकेक वर्ष चढत होतं. पन्नास वर्षांपूर्वीचे हरवले-सापडले, लग्नं, संप, औषधांच्या जाहिराती, सगळं जसंच्या तसं. फोन करणारे कमी झाले, कारण लोक आपापल्या टेबलावरून शोधायला लागले होते. बाईंना त्याचं वाईट वाटत नव्हतं. त्यांचं लक्ष फक्त यादीतल्या त्या एका रिकाम्या ओळीवर होतं.

एका सकाळी मोजेवाल्याने मला वर बोलवायला कुणालातरी पाठवलं. वर गेलो तर टेबलावर तागाच्या कापडात बांधलेलं मोठं पुडकं. एका लांबच्या गावच्या वाचनालयाने जपलेला संच. पुठ्ठ्यावर ते वर्ष. बाई उभ्याच होत्या. तारीख आणि पान त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

तो माणूसही आज हळू काम करत होता. त्याने पान सरळ केलं, सुरकुती बोटाने निपटली, काच खाली घेतली. उजेड सरकला. पडद्यावर अख्खं चौथं पान आलं.

"बाई," तो म्हणाला, "बघा."

बाईंनी डोळे उघडले. त्याने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि चेहरा फुटून नुसते काळे ठिपके झाले. बाई घाबरल्या. त्याने परत लहान केलं, आणि ठिपक्यांतून कपाळ आलं, भुवया आल्या, हसू दाबून धरलेले ओठ आले. छप्पन्न वर्षं कुठल्याशा कपाटात दबून राहिलेला चेहरा आमच्यासमोर उजेडात उभा होता. मी यंत्रांचा भक्त नाही, पण त्या क्षणी मी त्या खोक्याला मनोमन हात जोडले.

बाई मात्र पहिलं वाक्य बोलल्या ते सवयीचंच.

"मागे काय आहे?"

त्याने एक कळ दाबली. तिसरं पान आलं. पाणीपट्टीची बातमी, अख्खी, चारही कडा शाबूत. त्याने परत कळ दाबली. आई. बाईंनी त्याला ते तीन-चार वेळा करायला लावलं. पाणीपट्टी, आई. पाणीपट्टी, आई. एकीसाठी दुसरीला हात लावावा लागत नव्हता. अडतीस वर्षं कात्री धरलेल्या माणसाला हे किती मोठं वाटत असेल, ते मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग त्या आईवर थांबल्या. खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढला, पुसला, घातला. खाली फोन वाजत होते, मला अंक लावायचा होता, पण मी हललो नाही.

"मावशी म्हणायची, बावीस वर्षांची होती," बाई म्हणाल्या. "मी ऐकलं होतं, पण आकडा कधी डोळ्यांसमोर आला नाही." त्यांनी हात पुढे केला आणि पडद्याला न लावता तसाच धरला. "माझी लेक हिच्यापेक्षा मोठी आहे हो. ही तर पोर आहे."

मोजेवाल्याने हातातले मोजे काढून टेबलावर ठेवले.

"एवढ्याशा पोरीवर रागावले होते मी," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून त्या माणसाला म्हणाल्या की छापून द्या, दोन्ही बाजू, पान अख्खं राहू द्या.