मैदानावर न बोलायचा शब्द

बर्नडीन झावात्स्कीने सत्तावीस वर्षांत स्कूलबसचा एकही थांबा चुकवला नव्हता, आणि एकतीस वर्षांत ‘टग्ज’ या गावच्या बेसबॉल संघाच्या घरच्या मैदानावरच्या एकाही सामन्याची वही अर्धी सोडली नव्हती. अभिमान तिला दोन्हींचा होता. बोलायची ती फक्त पहिल्याबद्दल. वह्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारच्या फळीवर ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक पानावर चौकोनांची जाळी, आणि प्रत्येक चौकोनात एकेका फलंदाजाचं काय झालं त्याची पेन्सिलीने केलेली बारीक खूण. काही पानं पावसात फुगलेली, एकावर मोहरीचा पिवळा डाग. ती तापात फणफणत असताना लिहिलेलं एक पान तिला स्वतःलाही नीट वाचता येत नसे. पण रिकामा चौकोन कुठेच नव्हता.

मैदानात तिची जागा ठरलेली होती, आणि तिच्या आसपासच्या दोनशे लोकांना तिच्या सवयी पाठ होत्या. डाव चालू असताना बर्नी कधी उठत नसे. दोन डावांच्या मधेच उठायची, तेही घाईघाईने. त्यामुळे ती उठली की मागचे लोक धावांच्या फळ्याकडे न बघताच म्हणत, झाला वाटतं डाव, आणि बिअर आणायला निघत.

त्या वर्षी जुलैत संघाच्या मालकाने रुडी लँक्टॉटला विकून टाकलं. रुडी याच गावचा, पोर्ट हॅलमचा, गोदीमागच्या गल्लीतला. नऊ वर्षं टग्जकडून खेळला होता. मालक बाहेरचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने संघ विकत घेतला होता. वर्षातून तीनदा यायचा आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेआड बसायचा. त्याचं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला ‘काचेतला’ म्हणत. चांगला खेळाडू तयार झाला की काचेतला तो विकायचा आणि बदल्यात कुठूनतरी स्वस्तातला एक पोरगा आणायचा. या वेळी टिओ मरेरो नावाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आला होता, बावीस वर्षांचा, कान बाहेर आलेला. पहिल्या दिवशी लोकांनी ओरडून ओरडून त्याचा जीव नकोसा केला. बर्नडीन ओरडली नाही, पण वहीत त्याचं नाव तिने इतकं बारीक लिहिलं की जणू लिहायची इच्छाच नव्हती.

क्लेम हुडाक तिच्या मागच्या रांगेत बसायचा. पेशाने न्हावी. अर्ध्या गावाची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे बातमी पसरवायची तर त्यानेच. ऑगस्टभर कात्री चालवता चालवता त्याने गाव पेटवलं. सप्टेंबरमधल्या शेवटच्या रविवारी काचेतला पाहुणे घेऊन येणार होता. त्या दिवशी पाचवा डाव संपून क्लेमची शिटी वाजली की सगळ्यांनी उठून चालतं व्हायचं. सामना नऊ डावांचा, पण पाच झाले की तो खेळला गेला असं धरतात, म्हणजे खेळाडूंचा अपमान नको.

क्लेमने बर्नडीनकडून शब्द घेतला. ती उठली नाही तर अख्खा कोपरा उठणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिने शब्द दिला, आणि त्या दिवसापासून तिचं कशातच लक्ष लागेना. सिग्नलला थांबली की बोटं स्टिअरिंगवर वाजत राहायची. वही अर्धी राहणार म्हणून जीव तुटतोय, की ज्या माणसाला वर्षभर शिव्या घातल्या त्याच्यासमोर उठायचं धाडसच नाही, हे तिचं तिलाच उलगडत नव्हतं.

रविवारी ऊन होतं आणि तळ्याकडून वारा. चेंडू टिओच्या हातात होता. पहिला डाव, दुसरा, तिसरा. बर्नडीन खुणा करत गेली. चौथ्या डावात तिची पेन्सिल थबकली. समोरच्या संघाचं पान तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकालाही हिट मिळालेली नव्हती; टिओचा चेंडू फटकावून कुणी पहिल्या तळापर्यंतही पोचलं नव्हतं.

पिचरने अख्खा सामना असा काढला तर त्याला एक नाव आहे. बहुतेक पिचर म्हातारे होतात तरी त्यांच्या वाट्याला ते येत नाही. आणि सामना चालू असताना ते नाव कुणी उच्चारत नाही. उच्चारलं की मोडतं. हे पोर्ट हॅलममधल्या पाच वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही. हळूहळू कोपरा शांत झाला. ज्याने टोपी मांडीवर ठेवली होती त्याने ती तशीच ठेवली. एकाच्या हातात अर्धं खाल्लेलं सॉसेज होतं. ते तो खाईना आणि टाकेना.

पाचवा डाव संपला. टग्ज एका धावेने पुढे होते. क्लेम शिटी हातात घेऊन तिच्या खांद्याशी वाकला.

“पाचवा झाला, बर्नी.”

“दिसतंय मला.”

“मग ऊठ ना. शब्द दिलायस तू.”

तिने वही त्याच्यापुढे धरली. क्लेमने चष्मा कपाळावर सरकवला, पान पाहिलं, परत पाहिलं. मग वही अशी मागे सारली की जणू ती तापलेली होती.

“मी हे पाहिलं नाही,” तो म्हणाला.

“मी दाखवलंही नाही.”

“सहावा झाल्यावर उठू.”

“बरं.”

सहावा झाला. कुणी उठलं नाही, आणि का उठत नाही हेही कुणी बोललं नाही. क्लेम दोन पायऱ्या खाली जायचा, परत वर यायचा. शेवटी न राहवून कुजबुजला, की पोरगा असाच खेळला तर त्याचा भाव वाढेल आणि काचेतला त्यालाही विकेल. आपण इथे बसलोय ते त्याच्याच फायद्याचं आहे. बर्नडीन म्हणाली की पोराने काय पाप केलंय, त्याला कुणी विचारून आणलं होतं का इथे? क्लेम परत पायऱ्या उतरू लागला. पण त्याचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. आपण पोरासाठी बसलोय की वहीसाठी? टिओ चेंडू टाकून मागे वळला की त्याचे कान उन्हात लाल दिसत. ती त्याच्यासाठी श्वास धरून होती, आणि त्याच वेळी, जरा लाजून, एकेक चौकोन भरला म्हणून सुखावतही होती.

सातव्या डावाच्या मधल्या सुट्टीत सगळे रिवाजाप्रमाणे उभे राहून गायले. तेव्हा वर काचेपाशी मालक आला. एवढी माणसं उभी पाहून त्याने हात हलवला, वर टाळ्याही वाजवल्या.

“त्याला वाटतंय आपण त्याच्यासाठी उभे राहिलोय,” क्लेम दातांत म्हणाला.

“वाटू दे. सहा जण राहिलेत.”

आठव्यात दोघे पटापट बाद झाले. चारच राहिले. टिओने टोपी काढून कपाळ पुसलं. आणि तेव्हा मैदानावरचा मोठा विजेचा फळा, जो काचेतल्याची माणसं चालवत, क्षणभर काळा झाला, मग झगमगला. हातभर उंचीच्या अक्षरांत त्यावर लिहिलेलं होतं: नो-हिटर चालू आहे! आजच्या आठवणीची टोपी दुकानात मिळेल!

अकरा हजार माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला. एखाद्याच्या हातून ताटं निसटताना बघणाऱ्याच्या तोंडून निघतो, तसा. सॉसेजवाल्याने डोळे मिटून घेतले. टिओनेही मान वळवून फळा वाचला. त्याचा चेहरा दुरून दिसण्यासारखा नव्हता, पण खांदे दिसले.

दुसऱ्याच चेंडूवर फलंदाजाने कसाबसा बॅटचा कोपरा लावला. चेंडू आळसावल्यासारखा वर गेला आणि तिघा क्षेत्ररक्षकांच्या मधोमध, गवतात, जिथे कुणीच नव्हतं तिथे पडला.

बर्नडीनने चौकोनात हिटची आडवी रेघ ओढली. नेहमीएवढीच.

“अकरा वर्षं,” ती क्लेमकडे न बघता म्हणाली. “अकरा वर्षं संघ आहे त्याच्याकडे. आणि एवढं माहीत नाही.”

रुडीला विकलं तेव्हा ती इतकी संतापली नव्हती. विकणं हा मालकांचा धंदा, हे ती कधीचीच धरून चालली होती. पण जे तिच्या बसमधल्या पहिलीतल्या पोरांना माहीत असतं ते त्याला माहीत नव्हतं, आणि अकरा वर्षांत त्याने कुणाला विचारलंही नव्हतं.

प्रशिक्षक येऊन टिओच्या हातातून चेंडू घेऊन गेला. पोरगा मान खाली घालून निघाला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. एवढ्या टाळ्या रुडीलाही कधी मिळाल्या नव्हत्या. टिओ आत दिसेनासा झाला तशी माणसं पुन्हा बसली. नवा पिचर हात सैल करत होता. क्लेमने शिटी तोंडात धरली, पण फुंकर इतकी दुबळी पडली की नुसती हवाच निघाली.

बर्नडीनने पेन्सिल कानामागे खोचली, वही मिटली आणि उठली.

मागच्या माणसाने सवयीने बिअरसाठी पाय उचलला आणि फळ्याकडे पाहिलं. डाव संपला नव्हता. त्याने बर्नडीनकडे पाहिलं, शेजाऱ्याला कोपर मारलं. बर्नी डाव चालू असताना उठली, हे रांगेरांगेतून मागे गेलं. मग आधी तिचा कोपरा उठला, पाठोपाठ शेजारचा, आणि बघता बघता पायऱ्या माणसांनी भरून गेल्या. कुणी ओरडत नव्हतं. आपला संघ जिंकत असताना एवढी माणसं गुपचूप निघून चालली होती. दारापाशी तिने एकदाच वर पाहिलं. काचेआड हात अर्धा वर होता. हलवायचा की खाली घ्यायचा, हे त्याचं ठरत नव्हतं.

बाहेर गाड्यांच्या गर्दीत कुणीतरी सामना ऐकायला रेडिओ लावायला गेलं तर चारजणांनी त्याला अडवलं. क्लेम बर्नडीनच्या गाडीपर्यंत चालत आला.

“वही?” त्याने विचारलं.

“राहिली.”

“उद्याच्या पेपरात सगळं छापून येईल. भरून टाक की.”

“तू डोकी अर्धी भादरून पेपरात बघून पुरी करतोस का?”

क्लेम हसला, मग हसू आवरून म्हणाला, “एप्रिलमध्ये नवा हंगाम सुरू झाला की येणार ना?”

तिने आत बसून दार ओढून घेतलं. गाडी सुरू केली, बंद केली, परत सुरू केली.

सोमवारी तिने पेपर घडीसकट शेजारणीला देऊन टाकला. वही मात्र फळीवर गेली नाही. ती पावाच्या टोपलीशेजारी पडून राहिली, आणि बर्नडीन जाता-येता ती इकडून तिकडे सरकवत राहिली. कधी उघडायची, रिकाम्या राहिलेल्या चौकोनांवर पेन्सिलीचं टोक आणायची, आणि तसंच मागे घ्यायची.

नोव्हेंबरात क्लेम तिचे केस कापत होता तेव्हा आरशातूनच तिने त्याला सांगितलं, की पुढच्या वर्षाची कोरी वही तिने आणून ठेवली आहे.

“म्हणजे येणार तू,” क्लेम म्हणाला.

“तिथे नाही गेले तर त्याला शिव्या कुठे बसून घालू?” ती म्हणाली. “मान दुखतेय माझी, लवकर आटप.”