वाटीभर सांबार

मुलांना विचार करायला कसं शिकवावं, हे शिकवायला आम्हा शिक्षकांना तीन दिवस घाटंजीला बसवलं होतं. त्या तीन दिवसांत कोणी विचार केल्याचं मला आठवत नाही. चहा मात्र वेळेवर यायचा. वाचताना डोळ्यांसमोर चित्र आणायला सांगा, अर्थ जुळला नाही की थांबून प्रश्न विचारायला लावा, असं शिकवायला आलेले साहेब पडद्यावरचं वाचून दाखवत होते. आमच्यातल्या कोणी प्रश्न विचारला, की "शेवटी घेऊ" म्हणायचे. तो शेवट काही आला नाही.

मी तांड्यावरच्या शाळेत तिसरीला शिकवते. महिन्याभरानं तेच साहेब वर्ग बघायला आले. पुण्याकडचे, उंटावरून शेळ्या हाकणारे. वाचलेलं समजत नाही त्या मुलांची त्यांना यादी करायची होती. यादीतल्यांनी व्हरांड्यात बसून पुन्हा बाराखडी गिरवायची, असा नवा हुकूम होता.

एका मुलीला त्यांनी उतारा दिला. ती घडाघडा वाचत गेली. एका मुलानं हॉटेलात इडली खाल्ली आणि वाटीभर सांबार प्यायलं, इथं ती थांबली.

"सर, त्यानं सांबार कसा पेला? तो तं भाजीवर टाकतेत."

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तिची आई बाजारात सांबाराच्या जुड्या विकते. पोरीनं डोळ्यांसमोर चित्र आणलं होतं, ते जुळेना म्हणून थांबली होती, वर प्रश्नही विचारला होता. पडद्यावरचं सगळं तिनं न शिकवता केलं होतं.

साहेब हसले. "आकलन शून्य. काय मॅडम?"

मी यवतमाळची. माझ्याही घरी पोह्यांवर सांबारच पेरतात. मला तिचा प्रश्न तिथल्या तिथे कळला होता. तरी मी "हो सर" म्हणाले. इतकी शेळपट मी कधी झाले, कोण जाणे. स्वतःची किळस आली.

ती दोन आठवडे व्हरांड्यात बसली. तेवढ्या दिवसांत इडलीबरोबरचं सांबार तिला समजावून सांगायला मला दोन मिनिटं मिळाली नाहीत. मग मी तोच उतारा तिला पुन्हा दिला. तिनं तो न थांबता वाचला, खालच्या प्रश्नांची सगळी उत्तरं बरोबर लिहिली आणि यादीतून सुटली.

मी विचारलं, "आता कळलं का गं, सांबार कसा प्यायला ते?"

"नाही."

"मग थांबली का नाहीस?"

"थांबलं की तुमी बाहेर बसवता ना, मॅडम."