शिडीघाटाआधीचं गाऱ्हाणं

लवू घाडी घाटकोपरच्या भटवाडीत राहतो. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा तो एका औषध कंपनीच्या गोदामात नुकताच लागला होता आणि गेल्या वर्षी तिथूनच स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाला. मी त्याच कंपनीच्या हिशेब खात्यात. माझे अजून काही महिने बाकी आहेत. बी.कॉम.नंतर खुर्चीत रुतलेल्या माझ्यासारख्याला डोंगरावर नेलं ते लवूने. दर थंडीत आमची एक मोहीम ठरलेली असते. पुढे लवू, त्याच्यामागे विक्रोळीचा धम्मपाल, मग लवूची मुलगी अक्षता आणि शेवटी मी.

यंदाचा बेत लवूनेच जाहीर केला होता. भीमाशंकरच्या अभयारण्यात खांडस गावातून शिडीघाटाने वर जायचं, गणेशघाटाने उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा खांडस गाठायचं. शिडीघाटात कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि पाठीमागे दरी. गणेशघाट लांबचा, पण पायवाटेचा. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या पठारावर मिळतात.

वेळापत्रक मी केलं. लवू मात्र चालढकल करू लागला. आधी म्हणाला, जीप मिळणार नाही. जीप मिळाली तर म्हणे वर पाणी नसेल. पाण्याची चौकशी करून आलो तर म्हणाला, शिड्या गंजल्यात असं ऐकलं. पूर्वी हाच माणूस आम्हाला घरातून ओढून काढायचा. त्याला काही दुखणं तर नाही ना, या विचाराने मला झोप लागेना. वनमालावहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला कुठे काय सांगतात, भावजी? तुम्हीच बघा."

अखेर रविवारी त्याच्या घरी सगळे जमलो. घाडींच्या घरात कुठल्याही कामाआधी गाऱ्हाणं घालतात. गावच्या देवापुढे नारळ ठेवून घरच्या कर्त्याने मालवणीत मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. धम्मपाल बौद्ध, तो यात नसतो. दाराशी बसून तो चहा पितो आणि नंतर खोबरं मात्र सगळ्यांआधी मागतो.

लवूने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां डोंगर चढूक जातत, त्येंका सुखरूप ने आणि सुखरूप हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वाटेत जनावर आडवा येत, कोणाचो पाय घसरात, ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्याचा आवाज एकदम खाली गेला. "आणि ह्या लवूक शिडीचा भंय वाटता, हात सुटतत असा वाटता, कोणाक सांगूक लाज वाटता, ता काय ता तूच बघ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही एका सुरात म्हणालो. अक्षताचा हात नारळ फोडायला कोयत्याकडे गेलासुद्धा.

दाराशी कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. "ए, थांबा," धम्मपाल म्हणाला. "व्हय काय? तो काय बोलला ते ऐकलंत का कोणी?"

आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं. लवू मान खाली घालून बसला होता. मग त्याने सांगितलं. गेल्या वर्षी एका कड्यावर त्याचा पाय निसटला आणि क्षणभर तो नुसत्या हातांवर लोंबकळला. मागे वळणावर असलेल्या धम्मपालला ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून उंचीवर त्याचे हात थरथरतात. शिडीघाट ठरवला तोही ही भीती मोडायला म्हणून, पण दिवस जवळ आला तसा धीर सुटला. वनमालावहिनी हळूच म्हणाल्या, तरीच यंदा माळ्यावरचं सामान शेजारच्या श्रेयसकडून काढून घेतलं. लवू म्हणाला, बाकी कुठेही खोटं बोललो असतो, पण देवापुढे हात जोडून सगळं ठीक आहे म्हणायला जीभ वळेना.

"अरे, मग बोलायचंस ना," धम्मपाल म्हणाला. "माझे पाय तर पहिल्या वर्षापासून लटपटतात. तू पुढे असतोस म्हणून तुझी पाठ बघत चढतो. तूच मागे राहिलास तर मला त्या शिडीवर कोण चढवणार?"

लवू हसला. किती दिवसांनी. मी कागद ओढून तिथल्या तिथे बेत बदलला. लवू आणि धम्मपाल गणेशघाटाने चढतील, अक्षता आणि मी शिडीघाटाने, पठारावर भेटायचं आणि उतरताना सगळे एकत्र. लांबची वाट म्हणून त्या दोघांनी आधी निघायचं. अक्षता म्हणाली, "बाबा, शिडीवर पुढे मी. काकांनी फक्त खाली बघायचं नाही."

वहिनींनी नारळ फोडला. मला इतकं हलकं वाटलं की आता शिडीवर आपणच आहोत हे लक्षात यायलाही वेळ लागला. तोवर लवूने माझे बूट उलटे करून तळ तपासायला घेतले होते. "हे चालणार नाहीत," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर दुकानात चल. आणि किंमत बघून तोंड वाकडं करायचं नाही."