तापलेला स्फटिक

आज प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली दोन धातूंच्या संयुगाचा स्फटिक होता. पडद्यावर त्याच्यातले चुंबकीय भोवरे दिसत होते. नदीत पडतात तसेच, पण मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे नीट मांडलेले. स्फटिक जरा तापवला आणि ते विरून गेले. अणू मात्र सगळे जागच्या जागी होते. पुन्हा थंड केला की भोवरे परत येतात, म्हणून आमच्यात कुणी हळहळत नाही.

संध्याकाळी घरी आले. आईचा चेहरा तोच, कपाळावरची आठी तीच, चहातलं आलंही नेहमीएवढंच. कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "बसा ना, माझी मुलगी येईलच एवढ्यात."

मीही मग तिच्याबरोबर वाट बघत बसले.