स्नेहलचा ऑफिसमधला आवाज

उलव्याची स्नेहल महापेच्या एका कॉल सेंटरमध्ये काम करते. तिथे येणारे फोन असतात आयर्लंडमधल्या एका मोबाइल कंपनीच्या ग्राहकांचे. ट्रेनिंगमध्येच तिला बजावलं होतं, की माणूस वयस्कर असेल तर सावकाश बोलायचं. त्याने तेच पुन्हा विचारलं, तर पहिल्यांदाच ऐकतोय अशा सुरात उत्तर द्यायचं. आणि घरात कुणी गेल्याचं सांगितलं, तर आधी त्याचं दुःख ऐकायचं, नंबराचं मागाहून.

स्नेहलला हे छान जमायचं. एकदा वारलेल्या नवऱ्याचा नंबर बंद करायला सांगताना एका बाईला रडू कोसळलं. स्नेहल थांबली. "घाई नाही, मी आहे इथेच," म्हणाली. फोन ठेवताना त्या बाईने तिचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

होळीनंतर तिच्या गोजराआत्याचे यजमान, देवजी, वारले. आत्याला त्यांचा नंबर स्वतःच्या नावावर करून हवा होता.

"गाव विमानतळात गेला तवा मानसं चारी बाजूला पांगली," ती म्हणाली. "सगल्यांकडं यांचाच नंबर हाय. तो बंद झाला तर मना कोन शोधील?"

सुट्टीच्या दिवशी स्नेहल तिला घेऊन खांदेश्वरला मोबाइल कंपनीच्या दुकानात गेली. तिथे बसायला एकच बाकडं, तेही भरलेलं. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "नंबर कोणाच्या नावावर?"

"माज्या मालकाच्या."

"मग त्यांना घेऊन या. फोटो काढावा लागतो."

"तो कसा येल, बाला? तो जेला."

"मग आधी सांगायचं ना!" तो म्हणाला आणि कागदांची नावं भराभर बोलून मोकळा झाला. स्नेहल मनातल्या मनात त्याला मार्क देत होती: सॉरी म्हणाला नाही, नाव विचारलं नाही, नापास. आपल्या ऑफिसात हा दोन दिवस टिकला नसता, असं तिला वाटलं. वाटून जरा बरंही वाटलं.

आत्याला काही कळलं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं. मग परत विचारलं, "म्हंजे नंबर बंद नाय ना होनार?" मागे उभ्या दोन मुली तिची बोली ऐकून हसल्या. स्नेहलचे कान तापले.

"आत्या, कळत नाही तर गप्प बस ना जरा! किती वेळा तेच तेच!"

काउंटरवरच्या माणसाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "अहो, असू द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "मावशी, नंबर बंद नाही होणार." त्याने खुर्ची मागवून आत्याला बसवलं.

आत्या बसली. पण पुढे तिने काहीच विचारलं नाही. दाखव म्हटलं की सोबत आणलेला कागद दाखवला, बघ म्हटलं की कॅमेऱ्यात बघितलं. रिक्षात ती पदराचं टोक धरून बाहेर बघत राहिली. स्नेहलला सॉरी म्हणायचं होतं. फोनवरच्या परक्या माणसांना ती ते दिवसातून कितीदा म्हणायची. पण इथे तोंडच उघडेना.

दुसऱ्या दिवशी शिफ्टमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बिलाबद्दल तोच प्रश्न चारदा विचारला. स्नेहलने चारही वेळा गोड उत्तर दिलं. आपलाच आवाज हेडफोनमध्ये ऐकून तिला स्वतःची किळस आली. ब्रेक झाला तरी ती जेवली नाही.

रविवारी ती आत्याच्या घरी गेली. "आत्या, त्या दिवशी मी चुकले," एवढं कसंबसं बोलली. आत्या कोळंबी सोलत होती.

"जाव दे ग. तुला कामाचं टेन्शन. मना कलत नाय, हे खराच हाय."

आत्या चिडली असती, तर स्नेहलला ते सोसलं असतं. हे सोसेना.

नंबर आत्याच्या नावावर झाला, गावकऱ्यांचे फोनही येतात. दिवाळीच्या आधी स्नेहलने विचारलं, "फोनमध्ये काही अडलंय का? मी करून देते."

"नाय ग," आत्या घाईघाईने म्हणाली. "शेजारचा धम्मपाल बघतो. तो सगला नीट समजावून सांगतो."

आणि तिने फोन उचलून आत ठेवला.