टिलीची सही

गावच्या संग्रहालयाला नोट देताना आर्डिथ व्हेल्टकॅम्पने एकच अट घातली होती: उन्हात टांगू नका. मंडळातल्या सगळ्या शहाण्यांनी माना डोलावल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावी म्हणून ती थेट दक्षिणेच्या खिडकीत लावली!

नोट दहा डॉलरची, त्यांच्याच लार्चफील्डच्या बँकेची. पूर्वी नेब्रास्कातल्या असल्या टीचभर गावांच्या बँकाही स्वतःच्या नावाच्या नोटा काढत आणि त्यांवर रोखपाल शाईने सही करी. इथली रोखपाल होती आर्डिथची आजी, टिली. मंदीत बँक बुडाली आणि गावाने सगळं खापर तिच्यावर फोडलं. घरच्यांनी लाजेपोटी तिची पत्रं, फोटो, सगळं जाळलं. उरली ती नोटांवरची सही. त्या सहीसाठी आर्डिथने शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सांभाळून जुन्या नोटांची प्रदर्शनं पालथी घातली. शेवटी ओमाहात एक नोट मिळाली. दुसरी कुणाच्या पाहण्यात नाही, असं व्यापारी म्हणाला. ती तिने गावाला दिली ती मायेने नव्हे, हट्टाने. ज्यांनी टिलीला शिव्या घातल्या, त्यांच्या नातवंडांनी तिचं नाव रोज वाचावं, एवढंच तिला हवं होतं.

गावाच्या वर्धापनदिनी ती खिडकीपाशी गेली आणि थबकली. सही ठसठशीत काळी होती. टिलीची शाई तपकिरी होती.

"डेलबर्ट! हे काय केलंस?"

मंडळाचा अध्यक्ष डेलबर्ट नॉस, तिचा शाळेतला वर्गमित्र, हातात ॲपल-पायची बशी घेऊन आला. "अगं, पार उडाली होती सही. मग मीच चष्मा लावून बसलो नि हळूच गिरवली. छान आलीय ना?"

"उडाली कशाने?"

"ऊन फार येतं गं या खिडकीत."

"हो का! मला बाई ठाऊकच नव्हतं!"

"एवढं काय चिडायचं? नाव तर तेच आहे ना?"

आर्डिथची कानशिलं तापली. ती बशी त्याच्या तोंडावर मारावी असं तिला मनापासून वाटलं. तिने नोटेची चौकट खिळ्यावरून ओढून काढली.

"घरी नेतेस की काय?"

"मी का नेऊ?" तिने चौकट त्याच्या छातीवर दाबली. "मी आजीची सही दिली होती. ही तुझी आहे. तुझ्या दिवाणखान्यात लाव."

ती तरातरा बाहेर पडली आणि गाडीत बसून स्टिअरिंगवर मुठी आपटत रडली. टिलीच्या हातचं आता जगात काहीच उरलं नव्हतं.